भोक न पाडता छताला कंदील: चुंबकाचा हुक घरी कसा बनवायचा?

लोकलच्या गर्दीत आवाज येत नाही, ऑफिसात हेडफोन लावता येत नाहीत, किंवा सरळ सांगायचं तर ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, अशा सगळ्यांसाठी हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना झालेलं ‘अं… म्हणजे… काय म्हणतात ते…’ तेवढं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय छोटा आहे. छताला हलकी सजावट टांगायची आहे, कंदील, कागदी फुलं, संक्रांतीचे छोटे पतंग, वाढदिवसाच्या झिरमिळ्या, असं काहीही. पण भोक पाडायचं नाही. मग चुंबकाचा हुक बनवायचा. यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि बहुतेकांत एकच कृती असते: चुंबक घ्या, हुक चिकटवा, छताला लावा, झालं. मीही तेच केलं होतं. त्याचं काय झालं, ते आधी सांगतो.

मागच्या दिवाळीची गोष्ट

मी पुण्यात एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहतो. वर पत्रा आणि पत्र्याखाली लोखंडी चौकोनी पाइप. घरमालक काकांनी चावी हातात देतानाच सांगितलं होतं, “बाकी काहीही कर रे बाबा, पण पत्र्याला भोक पाडू नकोस. एक भोक पडलं की पावसाळाभर खाली बादली लावून बसायला लागतं.” त्यांचं बरोबरच होतं.

तर मागच्या दिवाळीत मी ८ मिलीमीटरच्या चुंबकाच्या चकत्या मागवल्या. जेमक्लिप वाकवून हुक केले, ते ग्लू गनने चकतीला चिकटवले आणि लावले पत्र्याला. एक कंदील आणि कागदी फुलांचं एक लांब तोरण. रात्री फोटो काढले, स्टेटसला टाकले. मी खूश.

भाऊबीजेला ताई आली, सोबत दीड वर्षाचा भाचा. दुपारचे दोन वाजलेले, ऑक्टोबर हीट, पत्र्याखाली भट्टी झालेली. आम्ही जेवत होतो आणि कंदील धप्पकन खाली आला. मजा म्हणजे चुंबक वरच होतं! हुक तेवढा सुटला होता. आम्ही हसलो. मग लक्षात आलं की तोरणाचं एक टोकही सुटलंय. तिथे मी जोर वाढावा म्हणून दोन चकत्या एकावर एक लावल्या होत्या, त्या जमिनीवर पडल्या असणार. शोधायला लागलो तर एक सापडली. दुसरी नाही.

ताईने एकदम भाच्याकडे बघितलं. तो तोंड घट्ट मिटून बसला होता. तिने बोट घालून चकती बाहेर काढली.

त्यानंतर कोणी हसलं नाही.

एक चुंबक पोटात गेलं तर पुष्कळदा ते आपोआप बाहेर पडतं. पण दोन गेली, किंवा एक चुंबक आणि एखादा लोखंडाचा तुकडा गेला, तर ती आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेढ्यांमधून एकमेकांना ओढून धरतात. मधे चिमटलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद होतो आणि तिथे भोक पडू शकतं. सुरुवातीला मूल अगदी ठीक दिसतं, फार तर थोडी उलटी, थोडं पोटदुखी. त्यामुळे मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका जरी आली, तरी केळं खायला घालून वाट बघत बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि ‘चुंबक’ हा शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगायचा. एक गेलं की दोन, हे घरी कळत नाही. एक्स-रेमध्ये कळतं.

म्हणून यंदा मी पहिल्यापासून सुरुवात केली. आणि मला जे कळलं ते एका वाक्यात असं: हुक किती वजन धरणार हे चुंबकापेक्षा तुमचं छत जास्त ठरवतं.

पाकिटावरचा आकडा कुठून येतो?

ही चकचकीत चुंबकं निओडिमियमची असतात. म्हणजे निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं मिश्रण. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार केली. आत्ता तुमच्या कानात इअरफोन असेल, तर त्यातही बहुधा असंच एक इवलंसं चुंबक आहे. आकाराच्या मानाने यांची ताकद प्रचंड.

पाकिटावर लिहिलेलं असतं, ‘६ किलो’. हा आकडा खोटा नसतो, पण तो मोजतात जाड, सपाट, बिनरंगाच्या पोलादी ठोकळ्यावर आणि सरळ रेषेत ओढून. आपलं छत तसं नसतं. तीन ठिकाणी ताकद गळते.

पहिली गळती जाडीची. चुंबकातून निघणारं क्षेत्र पत्र्याच्या आतून फिरून परत येतं. पत्रा पातळ असला की त्यात मावेल तेवढंच क्षेत्र मावतं. रुंद रस्त्यावरची सगळी गर्दी अचानक बोळात शिरावी, तसं. छपराचा पत्रा साधारण अर्धा मिलीमीटर असतो. ऑफिसच्या फॉल्स सीलिंगमध्ये टाइल ज्यावर टेकलेल्या असतात त्या पट्ट्या त्याहून पातळ. म्हणून पातळ पत्र्यावर एक मोठं चुंबक लावण्यापेक्षा तीन लहान चुंबकं थोड्या अंतरावर लावलेली जास्त कामाची. एकावर एक रचून मात्र फारसा उपयोग नाही. मी मागच्या वर्षी नेमकं तेच केलं होतं.

दुसरी गळती अंतराची. रंगाचा थर, गंज, धूळ, पत्र्याची लाट. चुंबक आणि लोखंड यांच्यात कागदाइतकी फट पडली तरी पकड कमी होते, आणि दोन-चार मिलीमीटरची पडली तर फारसं काही उरत नाही. नागमोडी पत्र्यावर चपटी चकती फक्त एका रेषेत टेकते, त्यामुळे सपाट जागाच शोधायची.

तिसरी गळती दिशेची. चुंबकाला सरळ खाली ओढायला जेवढा जोर लागतो, त्याच्या साधारण पाचव्या भागात ते बाजूला घसरतं. तोरण ताणून बांधलं की ते दोन्ही टोकांना आडवं ओढतं. माझं तोरण तसंच सुटलं. तोरणाला नेहमी झोळ द्यायचा.

तुमचं छत कोणतं?

घरात कुठलंही चुंबक असेल तर ते दोऱ्याला बांधा आणि स्टुलावर चढून छताला लावून बघा. ओढल्यासारखं वाटलं तर पुढे जायचं.

सिमेंटच्या स्लॅबला नाही चिकटणार. आत सळ्या असतात हे खरं, पण त्यांच्यावर किमान २० मिलीमीटर काँक्रीट आणि त्याखाली प्लास्टर. एवढ्या लांबून हुक धरत नाही. सिमेंटच्या पत्र्यालाही नाही, पण त्याखालचा लोखंडी अँगल धरतो. अ‍ॅल्युमिनियमची खिडकी नाही, लोखंडी ग्रिल हो. स्टेनलेस स्टीलचं काही सांगता येत नाही. काही प्रकारांना चिकटतं, काहींना अजिबात नाही.

जिप्समच्या फॉल्स सीलिंगची गंमत वेगळी. आत लोखंडी पट्ट्या असतात, पण मधे साडेबारा मिलीमीटरचा बोर्ड असतो, त्यामुळे पट्टीवर पकड मिळत नाही. मात्र बोर्ड ज्या स्क्रूंनी मारलेला असतो, त्यांची डोकी रंगाखाली अगदी वरच असतात. तिथे छोटं चुंबक टिकतं आणि एखादी कागदी चांदणी पेलतं.

हे स्क्रू शोधायचे कसे? तुमच्या फोनने! होकायंत्रासाठी फोनमध्ये मॅग्नेटोमीटर असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात हा सेन्सर उघडता येतो. नुसत्या पृथ्वीच्या क्षेत्रामुळे आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्ला आकडा दिसतो. फोन छताजवळून हळूहळू फिरवा. आकडा एकदम वर किंवा खाली गेला की तिथे लोखंड आहे. बहुतेक फोनमध्ये हा सेन्सर वरच्या भागात असतो, म्हणून फोनचं वरचं टोक छताकडे ठेवा. आणि हे काम करताना चुंबकं खिशात ठेवू नका, नाहीतर फोन तुमचा खिसाच शोधत बसेल.

हुक बनवू या

मागच्या वर्षी माझं पहिलं काय फसलं? गोंद. ग्लू गनचा गोंद उष्णतेने वितळूनच लावतात, मग तापलेल्या पत्र्याखाली तो मऊ पडणारच. शिवाय चुंबकावर निकेलचा गुळगुळीत मुलामा असतो, त्यावर गोंद नीट धरत नाही. म्हणून यंदाच्या हुकात गोंदच नाही. सामान असं:

– मधे भोक असलेलं निओडिमियम चुंबक, २० मिलीमीटर व्यास, ५ मिलीमीटर जाडी. भोकाला एका बाजूने उतरती कड हवी, म्हणजे स्क्रूचं डोकं आत बसतं.
– ४ मिलीमीटरचा, चपट्या डोक्याचा मशीन स्क्रू, १६ मिलीमीटर लांब. हार्डवेअरच्या दुकानात ‘सीएसके’ म्हणून मागा.
– एक प्लास्टिकचा वायसर, एक लोखंडी वायसर, एक नायलॉक नट.
– २ मिलीमीटरची जीआय तार, वीतभर. एक पक्कड.

आता कृती. स्क्रू उतरत्या कडेच्या बाजूने चुंबकात घाला. डोकं पूर्ण आत गेलं पाहिजे. बोट फिरवून बघा, जरा जरी वर आलं असेल तर तेवढी फट पडणार आणि पकड जाणार. ही बाजू छताला लागायची.

दुसऱ्या बाजूने आधी प्लास्टिकचा वायसर घाला. तारेच्या एका टोकाला पकडीने स्क्रूभोवती बसेल असा गोल डोळा करा आणि तो वायसरवर ठेवा. त्यावर लोखंडी वायसर, मग नट. नट बेताने आवळा. ही चुंबकं धातूसारखी दिसतात, पण स्वभावाने कपबशीसारखी. जास्त आवळलं की तडकतात. म्हणूनच प्लास्टिकचा वायसर आणि म्हणूनच नायलॉक नट, कारण तो फार न आवळताही सैल पडत नाही.

आता तारेचं दुसरं टोक खाली वळवून हुक करा, पण हुकाचा खालचा वाक बरोबर स्क्रूच्या मध्याखाली आला पाहिजे. तो बाजूला राहिला तर वजन चुंबकाला एका कडेने उचकटतं. बरणीचं झाकण आपण कडेला चमचा घालून उघडतो ना, अगदी तसंच.

शेवटी चुंबकाच्या वरच्या बाजूला सेलोटेपचा एकच थर. थोडी पकड जाते, पण पत्र्याचा रंग खरवडत नाही. रंग गेला की गंज, आणि गंज म्हणजे काकांची बादली.

दोन गोष्टी करायच्या नाहीत. बिनभोकाच्या चुंबकाला ड्रिलने भोक पाडायचं नाही. ते फुटतं आणि त्याची भुकटी पेट घेऊ शकते. आणि दोन चुंबकं मोकळी जवळजवळ ठेवायची नाहीत. ती एकमेकांवर आपटतात, मधे बोट असेल तर बोट चिमटतं, नसेल तर चुंबकाच्या ठिकऱ्या उडतात. मधे जाड पुठ्ठा ठेवा. घरात कुणाला पेसमेकर असेल, तर हे काम त्यांच्या जवळ बसून करू नका. चुंबक त्यांच्या छातीपासून किमान वीतभर लांब राहिलं पाहिजे, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात तर कधीच नको.

पाण्याची परीक्षा

हा माझा सगळ्यात आवडता भाग. वजनकाटा नको, काही नको. १०० मिलीलीटर पाणी म्हणजे १०० ग्रॅम, एवढं गणित पुरे.

हुक जिथे लावायचा आहे, नेमका तिथेच लावा. त्याला कडीची छोटी प्लास्टिकची बादली अडकवा. खाली मोठी बादली किंवा जुनं अंथरूण. मग बाजूला उभं राहून, खाली डोकं न आणता, मापाने १००-१०० मिलीलीटर पाणी ओतत जा. प्रत्येक मापानंतर मिनिटभर थांबा. हुक कितीला पडतो ते लिहा.

माझ्या खोलीत एकच हुक दोन जागी लावला. पत्र्याच्या सपाट भागावर तो ६०० मिलीलीटरला पडला. त्याच्याच शेजारी, हातभर अंतरावर, लोखंडी पाइपच्या खालच्या बाजूला २,५०० मिलीलीटरला पडला. हुक तोच, चुंबक तेच, पाकिटावरचा आकडा तोच सहा किलो. फरक फक्त लोखंडाच्या जाडीचा.

आता या आकड्याला पाचाने भागा. वारा येतो, कंदील झुलतो, दार आपटतं, उन्हाने पत्रा तापतो, या सगळ्यासाठी ही सूट. म्हणजे माझ्या पत्र्यावर १२० ग्रॅम, पाइपवर ५०० ग्रॅम. कंदील वाण्याच्या काट्यावर नेऊन ठेवला. वाण्याने विचित्र नजरेने बघितलं, पण बल्ब, होल्डर आणि वायरसकट २८० ग्रॅम भरला. निर्णय झाला: कंदील पाइपला, कागदी फुलं पत्र्याला. मागच्या वर्षी कंदील पत्र्यावर होता. गोंद सुटला नसता, तरी तो आज ना उद्या पडणारच होता.

ऑफिसच्या फॉल्स सीलिंगलाही हीच परीक्षा लावा, फक्त तिथे हात अजून आखडता घ्या. त्या पट्ट्या टाइलचं वजन धरण्यासाठी असतात, तुमच्या टीमच्या कल्पकतेसाठी नाही. कागद, क्रेप, फार तर एखादा फुगा. आणि आग विझवणाऱ्या पाण्याच्या स्प्रिंकलरला किंवा धुराच्या सेन्सरला काही अडकवायचं नाही, त्यांच्यासमोर पडद्यासारखंही काही सोडायचं नाही.

लावताना आणि काढताना

पंख्यापासून चांगलं चार फूट लांब. कंदिलात एलईडी बल्ब, पणती नाही. हुक काढताना खाली ओढू नका, बाजूला सरकवून पाइपच्या कडेवरून उतरवा. जोर कमी लागतो, आणि झटका बसून स्टुलावरून आपण पडत नाही.

कंदिलाला एक दुसरा, सैल दोरा बांधा, तो पाइपवरून फिरवून घ्या. हुक सुटला तरी कंदील हवेतच लटकतो. चुंबकालाही तोच दोरा नटाखालून एक वेढा घेऊन बांधा, म्हणजे तेही जमिनीवर येत नाही. घरात लहान मूल असेल किंवा येणार असेल, तर हा दोरा ऐच्छिक नाही. आणि पाच-आठ मिलीमीटरच्या सुट्या चकत्या अशा घरात आणायच्याच नाहीत.

शेवटची सवय सगळ्यात सोपी. हुक मोजून लावायचे, मोजून काढायचे. माझ्या दारामागे एक कागद चिकटवलाय: ‘कंदील १, फुलं ४, एकूण ५.’ सजावट उतरली की पाच हुक डब्यात जातात, मधे पुठ्ठे घालून, आणि डबा कपाटाच्या वरच्या कप्प्यात. चार भरले तर पाचवा सापडेपर्यंत बाकीची कामं बंद.

यंदा भाऊबीजेला ताई पुन्हा येणार आहे. फोनवर तिने पहिला प्रश्न हाच विचारला, “यंदा छताला काय लावलंयस?” मी तिला कागदाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “बरं. येताना मी पण मोजेन.”

तर मंडळी, पाण्याची परीक्षा करून बघा आणि तुमच्या छतावर हुक किती मिलीलीटरला पडला, ते व्हॉइस नोट करून पाठवा. छत कशाचं आहे तेही सांगा: पत्रा, पाइप, ग्रिल की ऑफिसची पट्टी. पुढच्या भागात सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचू. तोपर्यंत, सांभाळून चढा स्टुलावर!